प्रेसशॉपमध्ये कामगाराची बोटं वाचवणं मालकाच्या हातात: काय करायचं, कुठल्या क्रमाने

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या प्रेसशॉपमध्ये, म्हणजे प्रेस मशीनवर पत्र्याचे भाग बनतात तिथे, काम कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. ऑपरेटर डाव्या हाताने ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) डायवर (खालच्या साच्यावर) ठेवतो, पायाने पॅडल दाबतो, उजव्या हाताने पीस काढून पेटीत टाकतो. शिफ्टभर तेच. हजारो स्ट्रोकमध्ये (रॅम, म्हणजे वरून दाब देणारा भाग, एकदा खाली येऊन वर गेला की एक स्ट्रोक) एखाद्या वेळी पाय आधी पडणार किंवा हात उशिरा निघणार, हे धरूनच चालायला हवं. माणूस दमतो, बाजूचा हाक मारतो, पीस डायमध्ये चिकटतो. त्या वेळी रॅम खाली आला आणि बोट आत असलं, तर दोष बोटाच्या मालकाचा नसतो. तिथे बोट जाऊ शकत होतं, ही चूक कारखान्याच्या मालकाची.

दहा ते पन्नास माणसांच्या युनिटमध्ये वेगळा सेफ्टी ऑफिसर नसतो. मालक, सुपरवायझर आणि डाय सेटर (मशीनवर डाय बसवणारा) हे तिघंच सगळं बघतात. पुढचं सगळं त्या तिघांसाठी आहे.

कायदा काय सांगतो

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. १९४८चा कारखाने अधिनियम तिच्यात सामावला गेला. संहितेच्या कलम ६ प्रमाणे, इजा किंवा कामामुळे होणारा आजार ज्यातून होऊ शकतो असे धोके कामाच्या जागेवर राहणार नाहीत, याची जबाबदारी मालकावर आहे. हे नवीन नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये जुन्या कायद्यात कलम ७ अ घातलं गेलं, तेव्हापासून हे कर्तव्य कागदावर आहेच.

त्याच कलमातल्या दोन गोष्टी लहान कारखान्यांत सर्रास मोडल्या जातात. पहिली, सुरक्षेच्या कुठल्याही साधनाचा किंवा वैद्यकीय तपासणीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही. बुटांचे पैसे पगारातून कापणं बेकायदा आहे. दुसरी, प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावं लागतं. ठेकेदाराने पाठवलेला हेल्पर तुमच्या प्रेसवर उभा असेल, तर त्या प्रेसचा गार्ड (हात आत जाऊ न देणारं आवरण) ही तुमचीच जबाबदारी. 'तो आमच्या हजेरीपटावर नाही' हे उत्तर चालत नाही.

विजेवर चालणाऱ्या कामाला २० कामगारांपासून 'कारखाना' धरतात. संहितेतली मालकाची सर्वसाधारण कर्तव्यं मात्र १० कामगारांच्या आस्थापनेपासूनच लागू होतात. कंपनी असेल तर संचालक आणि भागीदारी असेल तर भागीदार उत्तरदायी धरला जातो. मॅनेजरच्या नावाने कागद केला म्हणून ती जबाबदारी सरकत नाही. कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपासून पुढे दंड, किंवा दोन्ही. दंडाची किमान अर्धी रक्कम वारसांना द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं.

नुकसानभरपाईच्या तक्त्यात पूर्ण तर्जनी गेली की कमाईची क्षमता १४ टक्के घटली असं धरतात, अंगठा गेला की ३० टक्के. फिटरचा किंवा टूलरूमच्या (डाय बनवण्याच्या-दुरुस्तीच्या विभागाच्या) माणसाचा अंगठा गेल्यावर त्याचं किती टक्के काम उरतं, हे ज्याने तो हात पाहिलाय त्यालाच ठाऊक. त्या आकड्याच्या भरवशावर कुणी निवांत राहू नये.

आधी एक फेरी मारा, पण रात्रपाळीत

दिवसा अकरा वाजता मालक फिरतो तेव्हा सगळे गार्ड जागेवर असतात. खरी स्थिती सेकंड शिफ्टच्या शेवटच्या तासात किंवा नाइटला दिसते. सोबत वही, फिटर आणि त्या मशीनचा ऑपरेटर घ्या. एकेका मशीनपाशी तीन गोष्टी विचारा. हात, बाही किंवा ओढणी कुठे जाऊ शकते? कुणी न सांगता मशीन कशामुळे सुरू होईल? बंद केल्यावर किती वेळ फिरत राहतं?

खुणाही बघा. मशीनच्या मागे धूळ खात पडलेला गार्ड, बटणावर चिकटपट्टी, पॅडलखाली ठोकलेली पाचर, डोकं गोल झालेला गार्डचा बोल्ट. यातली प्रत्येक खूण सांगते की तो जॉब गार्ड लावून होत नाही, म्हणून पोरांनी वाट काढली आहे. रागावण्याआधी का काढला ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: पट्टी अडकते, पीस डायला चिकटतो, आतलं दिसत नाही, नाहीतर टार्गेट पूर्ण होत नाही. हे चारही प्रश्न टूलरूममध्ये सुटतात. स्ट्रिपर (पंचावरून पत्रा सोडवणारा भाग) नीट करा, पीस उडवायला हवेचा जेट बसवा, घसरपट्टी लावा, जाळीच्या जागी पारदर्शक पॉलिकार्बोनेट लावा. अॅक्रिलिक नको, ते तडकून तुकडे उडतात. कारण दूर केलं की गार्ड आपोआप जागेवर राहतो.

ऑपरेटरला आणखी एक विचारा: 'कुठला जॉब नकोसा वाटतो?' तो ज्या डायचं नाव घेईल, तिथून काम सुरू करा.

उपायांचा क्रम ठरलेला आहे. शक्य तिथे हात आत घालायची गरजच काढून टाका. ते जमत नसेल तर हात पोहोचणार नाही असा अडसर घाला. त्यानंतर हात आत असताना मशीन चालणारच नाही अशी व्यवस्था करा. मग प्रशिक्षण. हातमोजे, गॉगल, कानातले प्लग सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी हाच क्रम उलटा असतो, कारण हातमोज्यांची जोडी स्वस्त आणि लगेच मिळते.

प्रेसचा क्लच ओळखा, बाकी सगळं त्यावर ठरतं

खूप पैसे चुकीच्या जागी जातात ते इथेच. क्लच म्हणजे सतत फिरणाऱ्या जड चाकाची, फ्लायव्हीलची, ताकद रॅम हलवणाऱ्या क्रँकला जोडणारा भाग. त्यावरून मेकॅनिकल प्रेस दोन प्रकारचे असतात.

पहिला 'की' (धातूची खुंटी) क्लच किंवा पिन क्लचचा. जुने सी-फ्रेम प्रेस बहुतेक याच जातीचे. एकदा ही 'की' अडकली म्हणजे क्रँक पूर्ण फेरी मारणारच, रॅम मध्ये थांबत नाही. दुसरा हवेवर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचचा. हा स्ट्रोकमध्ये कुठेही थांबवता येतो. क्लचला हवेची लाइनच जात नसेल तर बहुधा पहिला प्रकार. तरीही मशीनची पाटी आणि मॅन्युअल बघून खात्री करा.

की क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा, हात मध्ये आला की मशीनला थांबायची खूण देणारा) लावून काहीच साधत नाही. हात आत गेल्याचं कर्टनला कळतं, पण रॅम थांबवण्याचा मार्गच नसतो. दोन्ही हातांनी दाबल्यावरच स्ट्रोक देणाऱ्या बटणांचंही इथे तसंच होतं. स्ट्रोक सुरू झाल्यावर हात सोडून डायपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, ते बघा. मिनिटाला ६० स्ट्रोकच्या प्रेसवर एका फेरीला १ सेकंद लागतो. फ्लायव्हीलला की अडकण्याची जागा एकच असेल, तर बटण दाबल्यापासून रॅम खाली येईपर्यंत जास्तीत जास्त दीड सेकंद जाऊ शकतो: की अडकायला एक फेरी, खाली यायला अर्धी. माणसाच्या हाताचा वेग या हिशेबात सेकंदाला १६०० मि.मी. धरतात. म्हणजे बटणं डायपासून २४०० मि.मी., जवळजवळ आठ फूट लांब हवीत. आपल्याकडे ती प्रेसच्या पुढ्यातच बसवलेली असतात. मालकाला वाटतं सेफ्टी झाली, ऑपरेटरलाही वाटतं, आणि म्हणूनच तो अधिक बेफिकीर होतो.

की क्लचच्या प्रेसला दोनच खात्रीचे मार्ग आहेत. एक पक्का गार्ड. दुसरा इंटरलॉक गेट, म्हणजे गेट पूर्ण बंद झाल्याशिवाय की सुटत नाही आणि रॅम वर येऊन थांबेपर्यंत गेट उघडत नाही.

पक्का गार्ड बनवताना

ब्लँकिंग (पत्र्यातून आकार कापणं) आणि पट्टीच्या कामाला हाच सर्वोत्तम. गार्ड प्रेसला न लावता डायला लावा आणि प्रत्येक डायचा स्वतःचा गार्ड त्या डायसोबत रॅकवर ठेवा. गार्डशिवाय डाय रॅकवरून हलणार नाही, हा नियम टूलरूमने पाळला की निम्मं काम झालं. बोल्ट अॅलन कीचेच वापरा. विंग नट लावला की तो हाताने निघतो, आणि मग निघतोच.

फटीचं माप अंदाजाने ठेवू नका. लांबट फट किती रुंद आहे, त्यावर ती धोक्याच्या बिंदूपासून किती लांब हवी ते ठरतं. ६ मि.मी.पर्यंतची फट १० मि.मी. लांब असली तरी चालते. ८ मि.मी.पर्यंत २० मि.मी., १० पर्यंत ८०, १२ पर्यंत १०० आणि २० पर्यंत १२० मि.मी. अंतर लागतं. फट २० च्या वर गेली की हात आत शिरतो आणि अंतर एकदम ८५० मि.मी. होतं. दोन मि.मी.ची पट्टी भरायला ६ मि.मी.ची फट पुरते. 'भरायला सोपं जावं' म्हणून ती २५ ची केली की गार्ड नुसता शोभेचा उरतो.

पंच (रॅमला लावलेला वरचा साचा) आणि डायमधली उघडीप स्ट्रोकभर ६ मि.मी.पेक्षा कमी राहत असेल तर बोटच आत जात नाही, वेगळा गार्डही लागत नाही. उथळ जॉबसाठी स्ट्रोक कमी करता येतो का, हे टूलरूमला आधी विचारा.

एकेक ब्लँक हाताने ठेवायचा जॉब असेल तर सरकता फीड बनवा. बाहेर ब्लँक ठेवायचा, आत ढकलायचा. चुंबकाची काठी, चिमटा, व्हॅक्युम कप हे गार्डच्या जोडीला वापरायचे, गार्डऐवजी नाही. घाईत चिमटा खाली पडतो आणि हात पुढे जातो. चिमटा अॅल्युमिनियमसारख्या मऊ धातूचा ठेवा, म्हणजे डायमध्ये सापडला तरी पंच फुटून तुकडे अंगावर येत नाहीत.

फ्रिक्शन क्लच असेल तर

इथे लाइट कर्टन उपयोगी पडतो, पण अंतर काढल्याशिवाय बसवू नका. प्रेस पूर्ण थांबायला लागणारा वेळ मोजून घ्या. त्यात कर्टन आणि रिलेचाही वेळ धरा. त्या सेकंदांना २००० ने गुणा. १४ मि.मी. रिझोल्यूशनच्या (कर्टनला कळणारी सगळ्यात लहान वस्तू) कर्टनला तेवढंच अंतर. ३० मि.मी.चा असेल तर त्यात १२८ मि.मी. मिळवा. थांबायला ०.१५ सेकंद लागत असतील तर पहिल्याला ३०० मि.मी. आणि दुसऱ्याला ४२८ मि.मी. येतात. उत्तर ५०० च्या वर गेलं तर हिशेबाची पद्धत बदलते, ते पुरवठादाराकडून लेखी घ्या.

ब्रेक लायनिंग झिजलं की थांबायचा वेळ वाढतो. ०.१५ चे ०.२० झाले की ३०० मि.मी.वर बसवलेला कर्टन १०० मि.मी. कमी पडतो, आणि बाहेरून काहीही बदललेलं दिसत नाही. म्हणून थांबण्याचा वेळ सहा महिन्यांनी आणि ब्रेकच्या प्रत्येक कामानंतर पुन्हा मोजायचा.

कर्टन समोरून अडवतो. दोन्ही बाजू, मागचा भाग आणि कर्टनखालची जागा जाळीने बंद करा, नाहीतर मागून स्क्रॅप काढणाऱ्या हेल्परचा हात जातो. तपासणीची काठी रोज सकाळी वर, मध्ये आणि खाली घालून बघा. कर्टन बायपास करायची चावी एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. ती सुपरवायझरच्या टेबलावरच्या डब्यात पडलेली असेल, तर कर्टन नसल्यात जमा.

दोन हातांची बटणं इथे चालतात, पण कंट्रोल रिले योग्य हवा. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा नाही. रिलेत हे नसेल तर एक बटण पाचरीने दाबून ठेवून एका हाताने काम सुरू होतं. एकाच हाताच्या पंजाने दोन्ही दाबता येऊ नयेत म्हणून मधलं अंतर किमान २६० मि.मी. ठेवा. कोपर वापरण्याची वाट बंद करायची असेल तर ५५०. प्रेसवर दोन माणसं असतील तर दोघांनाही बटणांचा जोड हवा. एकाचे हात बटणावर आणि दुसऱ्याचे डायमध्ये, असं होऊन अपघात होतात.

डबल स्ट्रोक

पॅडल एकदा दाबलं आणि रॅम दोनदा आला, या प्रकारात ऑपरेटरची काहीच चूक नसते. पहिल्या स्ट्रोकनंतर तो नेहमीसारखा पीस काढायला हात घालतो. कारणं ठरलेली आहेत: झिजलेली की, कमकुवत किंवा तुटलेली स्प्रिंग, घासून गोल झालेला लॅच, सैल ब्रेक, लायनिंगवर आलेलं तेल.

क्लच सोडवणारी स्प्रिंग ताणाची असेल तर बदलून दाबाची करा आणि ती दांड्यावर किंवा नळीत बसवा. ताणाची स्प्रिंग तुटली की क्लच मोकळा सुटतो. दाबाची स्प्रिंग तुटली तरी वेटोळी जागेवर राहून बरंचसं काम करत राहते. एवढ्याशा बदलाने बोटं वाचतात.

शिफ्टच्या सुरुवातीला डाय सेटरने डायमध्ये काहीही न ठेवता प्रेस चालवून बघायचा. पॅडल दाबून धरलं तरी एकच स्ट्रोक यायला हवा. रॅम सगळ्यात वर येऊन थांबायला हवा. क्रँकच्या टोकाला आणि बॉडीला रंगाची समोरासमोर खूण करून ठेवा. थांबल्यावर खुणा जुळल्या नाहीत, रॅम वरची जागा ओलांडून पुढे सरकू लागला, तर ब्रेक बघायची वेळ आली. एकदा जरी डबल स्ट्रोक झाला तरी प्रेस बंद, मेन स्विचला कुलूप, फिटरने उघडून कारण सापडेपर्यंत सुरू नाही. 'हा जॉब संपवून बघू' म्हणायचं नाही. ऑपरेटरने सांगितल्यावर ज्या शॉपमध्ये त्याला आधी आउटपुट विचारलं जातं, तिथे पुढच्या वेळी तो सांगतच नाही.

पॅडलवर वरून आणि दोन्ही बाजूंनी झाकण हवं. हातातून निसटलेला पीस पॅडलवर पडून स्ट्रोक येतो.

डाय बदलताना

सेटरचे अपघात ऑपरेटरच्या अपघातांपेक्षा गंभीर असतात, कारण त्याचे दोन्ही हात, कधी डोकंसुद्धा आत असतं. पायऱ्या मशीनशेजारी मराठीत आणि हिंदीत लावा.

१. मोटर बंद, मेन आयसोलेटर बंद, त्याला सेटरचं स्वतःचं कुलूप. चावी त्याच्याच खिशात, दुसरी चावी नाही.
२. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मोटर बंद झाल्यावरही ते बराच वेळ फिरतं आणि एक पूर्ण स्ट्रोक देण्याइतकी ताकद त्यात असते. डाय बदलताना होणारे बरेच अपघात या पायरीवरच होतात.
३. हवेचा प्रेस असेल तर लाइन बंद करून आतली हवा सोडा. गेज शून्यावर आलेला डोळ्यांनी बघा.
४. रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावा. ब्लॉकला प्लग जोडलेला असावा, जो काढल्याशिवाय मोटर सुरू होणार नाही. लाकडाचा ठोकळा किंवा जॅक नको.
५. क्रँक हाताने फिरवायची पहार काम झाल्याबरोबर काढा. ती तशीच राहून मोटर सुरू झाली की ती गोफणीतून सुटल्यासारखी उडते.
६. गार्ड लावून ट्रायल स्ट्रोक घ्या. रजिस्टरमध्ये सही केल्यावरच प्रेस ऑपरेटरच्या ताब्यात.

शॉपमधलं बाकीचं

ड्रिल, लेथ, मिलिंगवर हातमोजे घालायचे नाहीत. फिरणारा ड्रिल मोज्याचा धागा पकडतो आणि पंजा ओढून घेतो. मोजे शीट उचलताना, कापायच्या कडा हाताळताना. 'सेफ्टी म्हणून' सरसकट मोजे वाटणारे सुपरवायझर बरेच आहेत. ते हेतूने चांगले असले तरी नेमकं उलटं करत असतात.

बेंच ग्राइंडरला टूल रेस्ट आणि चाकामधली फट ३ मि.मी.पेक्षा जास्त नको, वरच्या जिभेची ६ मि.मी.पेक्षा जास्त नको. चाक झिजलं की दोन्ही पुढे सरकवावे लागतात, आणि हे विसरलं जातं. नवं चाक बसवण्याआधी लाकडी मुठीने हलकं वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा आहे.

कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी रोज काढा. टाकीची बाहेरून-आतून तपासणी आणि प्रेशर टेस्ट मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून वेळच्या वेळी करून प्रमाणपत्र फाइलला लावा. हवेच्या गनने अंगावरची धूळ झटकणं पूर्ण बंद. ती हवा कातडीत शिरते.

पावसाळ्याआधी, मेच्या शेवटी, अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचे आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारे स्विच) टेस्ट बटण दाबून तपासा. पत्र्याची गळती कुठल्या पॅनलवर पडते ते पहिल्याच पावसात बघून ठेवा. सोललेल्या केबलचे आणि फुटक्या होल्डरचे वेल्डिंग सेट पावसात वापरायचे नाहीत. ओल्या जमिनीवर उभ्या माणसाला वेल्डिंगचं ७०-८० व्होल्टचं ओपन सर्किट व्होल्टेजसुद्धा जिवावर बेततं.

आवाज मोजून घ्या. नियमांत ९० डेसिबलला रोजचे ८ तास, ९५ ला ४, १०० ला २, १०५ ला फक्त १ तास चालतो. चार-सहा प्रेस एकत्र चालतात तिथे हा आकडा सहज ओलांडला जातो. कान एकदा गेले की परत येत नाहीत. आधी प्रेसखाली रबर पॅड, स्क्रॅपच्या पत्र्याच्या घसरपट्टीला आतून रबर, सैल गार्डचे बोल्ट आवळणं, आणि मग प्लग.

टाकीत माणूस उतरवताना

पिकलिंग-फॉस्फेटिंगची (पत्रा आम्लाने साफ करून त्यावर थर देण्याची) ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेची, टाकी, जमिनीखालची पाण्याची टाकी, प्लेटिंगचा खड्डा. नाशिकमध्ये वाइनरीच्या टाक्याही याच यादीत येतात. द्राक्षाचा रस आंबताना लिटरला २०० ग्रॅम साखर असेल तर एका लिटरमागे सुमारे ५० लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तळाशी साचतो, त्याला वास नसतो.

अशा जागी एक माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. म्हणून पहिला नियम आहे तो वाचवणाऱ्यासाठी: स्वतःच्या हवेचा सिलिंडर असलेलं श्वसनयंत्र घातल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही, सख्खा भाऊ आत असला तरी. तोंडाला लावायचा फिल्टर मास्क इथे निरुपयोगी आहे. तो हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही.

शक्य असेल तर बाहेरूनच जेटने धुऊन घ्या. उतरावंच लागलं तर टाकीला जोडलेले सगळे पाइप बंद करून ब्लँक फ्लँज (पाइपचं तोंड बंद करणारी चकती) लावा आणि ब्लोअरने ताजी हवा सोडत राहा. ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही सोडू नका, ठिणगीने कपडे पेट घेतात. मीटरला दोरी बांधून वर, मध्ये आणि तळाला मोजा. ऑक्सिजन किमान १९.५ टक्के, ज्वलनशील वायू स्फोट-मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या आत. 'वास येत नाही' यावर विसंबू नका, हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं. आत जाणाऱ्याला हार्नेस, वर ट्रायपॉड आणि विंच, तोंडाशी एक माणूस जो पाणी प्यायलाही हलणार नाही. आतला दिवा २४ व्होल्टचाच. परवानगीचा कागद एका शिफ्टपुरता. जेवणानंतर उतरताना पुन्हा मोजायचं.

माणसं आणि टार्गेट

नवा हेल्पर, बहुतेकदा पेठ-सुरगाण्याकडून किंवा बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला, पहिल्याच दिवशी प्रेसवर उभा करणं सगळ्यात धोक्याचं. पहिला आठवडा त्याला फक्त पॅकिंग आणि उचल-ठेव द्या. मग जुन्या ऑपरेटरसोबत. 'समजलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'करून दाखव' म्हणा, इमर्जन्सी बटण दाबायला लावा, डबल स्ट्रोक झाला तर काय करशील ते त्याच्या भाषेत सांगायला लावा. मग सही.

पीस रेट (नगामागे मजुरी) आणि बारा तासांची पाळी एकत्र आली की गार्ड टिकत नाही. गार्ड लावल्यावर स्ट्रोक कमी होत असतील तर रेट त्या प्रमाणात बदला. नाहीतर सुरक्षेचा खर्च तुम्ही कामगाराच्या खिशातून घेताय असं होतं, आणि दिवाळीच्या डिस्पॅचच्या आठवड्यात तो पहिला गार्ड काढतो.

धोका दिसल्यावर तो मालकाला सांगणं हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. सांगणाऱ्याला त्या दिवशी मशीनवरून बाजूला करा, पण हजेरी पूर्ण लावा.

बोट तुटलंच तर

कुठल्या हॉस्पिटलमध्ये हाताची सूक्ष्म शस्त्रक्रिया रात्री-अपरात्री होते, हे आजच फोन करून विचारा आणि नंबर प्रेसशेजारी लावा. त्या वेळी शोधाशोध करण्यात तासभर जातो. अॅम्ब्युलन्ससाठी १०८.

जखमेवर स्वच्छ जाड गॉझ दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा. हळद, ग्रीस, चहा पावडर काहीही नको. तुटलेला तुकडा शोधा, डायमध्ये आणि स्क्रॅपच्या पेटीतही बघा. सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या गॉझमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर गोठून निकामी होतो. बुडवून ठेवला तर फुगतो. थंड ठेवलेलं बोट काही तास टिकतं. मनगटातून तुटलेला हात तेवढा टिकत नाही, तिथे घाई जास्त.

प्रेस आहे त्या स्थितीत बंद ठेवा, फोटो काढा, गार्डची जागा, पॅडल, क्लच कशालाही हात लावू नका. मृत्यू झाला, किंवा ४८ तास कामावर येता येणार नाही अशी इजा झाली, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नाशिक कार्यालयाला सूचना द्यावी लागते. कामगार विमाधारक असेल तर कामगार राज्य विमा महामंडळाला अपघात अहवाल २४ तासांत, मृत्यू असेल तर लगेच. अपघात झाल्यावर कामगाराला 'आत्ताच कामावर लागला' असं कागदोपत्री दाखवणं ही फसवणूक आहे. त्यात त्याचा विम्याचा हक्क जातो आणि तुमच्यावरचा दावा उभा राहतो.

चौकशीत ऑपरेटरचा जबाब घेऊन थांबू नका. त्या दिवसाचं शिफ्ट रजिस्टर, आदल्या आठवड्यातले फिटरचे शेरे, डायसोबत गार्ड होता का, त्या पाळीचं टार्गेट किती होतं, हे सगळं एका पानावर लिहा. मग त्याच प्रकारच्या क्लचचे शॉपमधले सगळे प्रेस तपासा आणि एकेक सोडा. प्रत्येकावर फिटरची आणि तुमची स्वतःची सही झाल्यावरच.